नाइट शिफ्टच्या घरात मोठ्यानं

आमच्या क्वार्टरच्या बेलची वायर आईनं मी शाळेत जायला लागायच्या आधीच काढून टाकली होती. बटण तेवढं दारावर राहिलं. नवा कुरिअरवाला आला की बिचारा ते दाबत बसायचा, आणि आई जाळीच्या आडून दोन्ही हात हलवून त्याला गप्प करायची. बेल वाजतच नव्हती, तरी. दुपारी मिक्सर नाही, कुकर नाही, फोडणी घातली तर झाकण दाबून. कारण बाबा नाइट करून आलेले असायचे आणि आतल्या खोलीत झोपलेले असायचे.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. मिलच्या छपराखाली उंचावर टांगलेल्या केबिनमध्ये बसून लोखंड उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. फर्स्ट, सेकंड, नाइट असं शिफ्टचं चक्र फिरत राहायचं, पण आईनं नियम नाइटचा धरला तो धरला. बाबा फर्स्टला गेले असले, घरात आम्ही दोघीच असलो, तरी कुजबुजूनच बोलायचो. मरोदा सेक्टरच्या आमच्या गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी. म्हणजे मराठी मला फक्त कुजबुजूनच येत होती. तुमसरकडे लग्नाला गेलो की मावश्या माझ्या तोंडापाशी कान आणून म्हणायच्या, "काय म्हणून राहिली वो ही? जरा जोरानं बोल ना बाप्पा!"

कुजबूजही नको असेल तेव्हा हात होते. मिलच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खाली लोड बांधणारा खलाशी वरच्या ऑपरेटरला हातानं सांगतो. बोट वर करून गोल फिरवलं, वर घे. बोट खाली करून फिरवलं, खाली सोड. तळहात समोर धरला, थांब. बाबांनी लहानपणी गंमत म्हणून शिकवलेल्या या खुणा आमच्या घरची बोलीच होऊन बसल्या. चहा हवा का, दूध उतू चाललंय, गप बस, सगळं हातानं.

इतकं करूनही बाबांची झोप काही धड नव्हती. उन्हाळ्यात मात्र ढाराढूर झोपायचे. आई म्हणायची, कूलरमधल्या खसच्या थंडाव्यानं. कूलर काढून ठेवला की मग पुढं हिवाळाभर कुशी बदलत पडायचे, लाल डोळे घेऊन ड्यूटीवर जायचे, आणि आई माझ्यावर डाफरायची. कुजबुजतच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझे इंटरव्ह्यू.

इंजिनिअरिंग झालं आणि कॉलेजातून कोणी मला उचललं नाही. बाबांची रिटायरमेंट तोंडावर आलेली. रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं आणि तुमसरजवळच्या गावी जायचं, हे ठरलेलं. गावात मोबाइलला रेंज हवी तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभं राहावं लागतं. तिथून कसला इंटरव्ह्यू देणार? आईनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, क्वार्टर सुटेपर्यंत नोकरी लागली तर लागली. नाही लागली तर त्यांच्यासोबत गावी यायचं आणि बी.एड. करायचं. बी.एड. वाईट असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण चाळीस पोरांच्या वर्गात माझ्यासारखी कुजबुजणारी मास्तरीण? पोरांनी फाडून खाल्लं असतं मला. आणि खरं सांगायचं तर मला कोडच लिहायचा होता. एखादं गणित सुटत नाही सुटत नाही म्हणता अचानक सुटतं ना, तेव्हा मला जे होतं ते दुसऱ्या कशानंच होत नाही.

पहिला इंटरव्ह्यू मी असा घालवला की अजून आठवलं की कान गरम होतात. व्हिडिओवर होता. समोरच्यानं प्रश्न दिला, मी लिहायला लागले. छान धागा लागला होता. मध्येच तो म्हणाला, "हॅलो, तू आहेस ना तिथं?" मी स्क्रीनवरून नजर न काढता कॅमेऱ्यासमोर तळहात धरला. थांब. आमच्या घरात याच्याहून सभ्य काही नाही. हुकाला लोड आहे, हलवू नको, एवढाच त्याचा अर्थ. तो थांबला. मी वेळेच्या आधी सगळं सोडवलं, अगदी बरोबर सोडवलं, आणि खोलीत आवाज न करता नाचले. दोन दिवसांनी मेल. उत्तर बरोबर होतं, पण उमेदवार विचार कसा करते ते कळलंच नाही. आणि पुढं, वागणं उद्धट वाटलं.

हुडको कॉलनीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती पलंगावर आडवी पडून हसली. ती स्वतः एका कंपनीत लागली होती, घरूनच काम करायची, आणि माझी तयारी करून घ्यायची जबाबदारी तिनं आपणहून घेतली होती. "तूने उसको हाथ दिखाया? अबे, इंटरव्ह्यू था कि ट्रैफिक चौक?" मग उठून बसली आणि तिनं मला खरी भानगड सांगितली. या इंटरव्ह्यूत नुसतं उत्तर काढून चालत नाही. डोक्यात जे चाललंय ते बोलत बोलत काढायचं असतं. हे असं करून बघते, हे जमणार नाही, का जमणार नाही, मग तसं करते. सगळं तोंडानं, मोठ्यानं.

हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं देव जाणे! विचार करायचा की बडबड करायची? मी चिडले, भांडले, आणि मग मुकाट्यानं तयारीला लागले. पुढच्या दोन कंपन्यांत मी बोलले, खरंच बोलले, तर त्यांना ऐकूच गेलं नाही. त्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा गोंगाट गाळून टाकायची सोय असते. माझी कुजबूज त्याला पंख्याची घरघर वाटली असणार. मी इकडे बोलून राहिले आणि तिकडे नुसते माझे ओठ हलताना दिसले.

घरात मोठ्यानं बोलायचा सराव करायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी स्कूटी काढून मरोदा तलावावर जायला लागले. बंद फोन कानाला लावायचा, म्हणजे लोकांना वाटेल कॉल चाललाय, आणि पाण्याकडे तोंड करून बोलायचं. "आधी ही यादी क्रमानं लावते. नाही नाही, यात वेळ जास्त जाईल. मग दुसरं काय? थांब, हे जमतंय का बघू." सुरुवातीला घसा चार वाक्यांत बसायचा. हळूहळू आवाज पोटातून यायला लागला. एकदा मी एका किचकट प्रश्नावर इतकी भडकले की "क्यों नहीं होगा? होना ही पड़ेगा!" असं ओरडलेच. बांधावर फिरायला आलेले एक आजोबा जवळ आले आणि फार मायेनं म्हणाले, "छोड़ दे बेटी उसको. तेरे लायक नहीं है." मी मान डोलावली.

असं करता करता एक कंपनी हाताला लागली. लहानशी होती, नवीच, ट्रकवाल्यांना परतीचं भाडं शोधून देणारं ॲप बनवायची. दोन फेऱ्या पार झाल्या. त्यातली दुसरी बोलायची होती, ती मैत्रिणीच्या घरून दिली. तिची वेगळी खोली, वायफाय झकास, आणि मोठ्यानं बोललं तर कोणाला काही नाही. शेवटची फेरीही तिथूनच द्यायची ठरवली. दुपारी तीनला. त्या महिन्याअखेर बाबा रिटायर होणार होते. ही गेली तर दुसरी शोधायला सवडच उरली नव्हती. आईनं भांडी पोत्यांत भरायलाही घेतली होती.

मी हुडकोत पोचले तर गल्लीच्या तोंडापासूनच आवाज. नवरात्र! तयारीच्या नादात माझ्या ध्यानातही नव्हतं. मैत्रिणीच्या घराला अगदी लागून मंडप, आणि चार भोंग्यांतून देवीचं जसगीत चाललेलं, मांदरचा ढोल घुमतोय, खिडकीच्या काचा थरथरतायत. मैत्रीण मंडपातल्या पोरांना जाऊन भेटली. हात जोडून आली. "बोल रहे हैं, दीदी, माता का काम है, शाम तक चलेगा." आम्ही खिडक्या लावल्या, वरून रजई लटकवली, मी पलंगाच्या कोपऱ्यात उशीत तोंड घालून माइक तपासला. रेकॉर्डिंगमध्ये मांदर तेवढा ऐकू आला, मी नाहीच.

"घर जा," मैत्रीण म्हणाली. "तेरे घर से शांत जगह पूरे भिलाई में नहीं है."

खरंच होतं ते, आणि तेच तर वाईट होतं. मी स्कूटी कशी चालवली मला माहीत नाही. फाटकात पोचले तर आई दारातच होती, ओठावर बोट. बाबा नाइट करून आलेले, जेवून झोपलेले.

"घरातच द्यावा लागंल," मी कुजबुजले.

आईनं आतल्या बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मला अजून आठवतं. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी आता कोणी खळ्ळकन फोडणार, आणि फोडणारी आपलीच पोरगी. चादर आणली, गुंडाळी करून आतल्या दाराच्या फटीत ठोसली. दुसरी चादर दारावर टांगली. "हळूच बोलजो," म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

तीन वाजले. समोर एक बाई आल्या, चाळिशीच्या असतील, कंपनीत तांत्रिक बाजू त्याच बघायच्या. इंग्रजीत बोलत होत्या. चेहरा बरा होता, पण घाईत दिसल्या. प्रश्न साधाच वाटला. दिवसभरातल्या बैठकांच्या सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळा दिल्यात; कमीत कमी किती खोल्या लागतील?

मला उत्तर दिसलं. अगदी लगेच दिसलं. मी तोंड उघडलं आणि आमच्या घरात जसा निघतो तसाच आवाज निघाला.

"सॉरी, ऐकू येत नाहीये."

मी जरा वाढवला. म्हणजे मला तसं वाटलं.

"अजूनही नाही. माइक बघतेस का?"

माइक ठीक होता. तलावावर पाण्यालाही ऐकू जाईल असं ओरडणारी मी, या खोलीत मात्र माझं काही चालेना. या भिंती, ही जाळी, दारात ठोसलेली ती चादर. नजर वर गेली तर उंबऱ्यावरची आई बोट खाली करून गोल फिरवत होती. खाली घे, खाली. ती मुद्दाम नव्हती करत, तिचा हात आपोआप उठला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हवं तर आपण इथं थांबू या," असं काहीतरी म्हणाल्या, आणि मला सरळ गावच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली.

तेवढ्यात आतलं दार ढकललं गेलं. चादरीची गुंडाळी फरशीवर घासत आली. बाबा. बनियन, लुंगी, विस्कटलेले केस, डोळे लालभडक. आई उठून उभीच राहिली. मी मेले असं वाटलं मला.

बाबा कॅमेऱ्यात येणार नाहीत असे भिंतीला लागून उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. आणि उजवा हात उचलून, बोट वर करून, गोल फिरवलं.

वर घे.

मला कळलंच नाही. म्हणजे खूण कळली, पण ते मला, मोठ्यानं बोलायला सांगतायत हे डोक्यात शिरेना. तसा त्यांनी हात पुरता डोक्यावर नेला आणि मोठ्ठं वर्तुळ काढलं, ऑपरेटरचं लक्ष नसलं की खलाशी काढतो तसं. वर. आणखी वर.

मी बोलले. पहिला शब्द फाटला, दुसरा घसरला, तिसऱ्यापासून आवाज लागला. "माफ करा. आता येतोय का ऐकू?" बाई दचकल्या आणि हसल्या. "आता येतोय!" मग मी थांबले नाही. सगळ्या वेळा क्रमानं लावते. कोणी आलं की एक वाढवते, कोणी गेलं की एक कमी करते. आकडा जास्तीत जास्त जिथवर चढेल, तितक्या खोल्या. मग मध्येच अडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अडलेलं मोठ्यानं बोलले. "एक बैठक ज्या क्षणी संपते त्याच क्षणी दुसरी सुरू झाली तर खोली तीच चालेल की दुसरी लागेल? हे तुम्ही सांगितलं नाहीये." बाई म्हणाल्या, "हेच तू विचारतेस का ते बघत होते."

पूर्ण वेळ बाबा भिंतीला लागून उभे होते. माझा आवाज खाली आला की बोट वर. बाई बोलायला लागल्या की तळहात समोर. त्यांना इंग्रजी बोलणं कितपत कळलं कोण जाणे, पण कोणाची पाळी आहे ते बरोबर कळत होतं. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या; त्यांनी आमच्या घरातून एवढा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

कॉल संपला आणि आई फुटली. "उठवलंच ना शेवटी बापाले! रात्रभर जागून आलेला माणूस..."

"मी झोपलोच नव्हतो," बाबा म्हणाले.

"झोपले नव्हते म्हणजे?"

बाबा खुर्चीत बसले. बराच वेळ लुंगीची गाठ सारखी करत राहिले. "मले चुपचाप घरात झोप नाही येत वो. तिकडं येवढा आवाज, अन् इथं आलो का एकदम बंद. मंग कानातच शिट्टी वाजत राह्यते. कूलर चालू असला म्हणजे बरं वाटते."

आईचा आवाज आला तेव्हा तो कुजबुजीचाच होता. "इतके वर्षं... मंग सांगतलं कावून नाही?"

"कसं सांगू? तू फोडणीवर झाकण धरून उभी राहे. पोरगी पायाच्या बोटावर चाले. येवढं करून राहिल्या माह्यासाठी, अन् मी काय म्हणू, धिंगाणा करा?"

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग रडू आलं, आणि तिन्ही एकदमच यायला लागलं. ज्या शांततेपायी माझा आवाज गेला, ती कोणालाच नको होती! बाबा बंद दाराआड डोळे मिटून पडलेले, आम्ही बाहेर श्वास धरून बसलेल्या, सगळे एकमेकांसाठी. आई आत गेली, मिक्सर काढला, शेंगदाणे टाकले आणि बटण दाबलं. भर दुपारी. चटणी कधीचीच झाली होती तरी तिचं बोट बटणावरून हटेना. मिक्सर तापल्याचा वास यायला लागला तेव्हा मी आत डोकावले. आई पदरानं डोळे पुसत होती. मागं वळून पाहिलं तर बाबा खुर्चीतच मान टाकून घोरत होते.

नोकरी मिळाली. फोन आला तेव्हा मी आईला ओरडून सांगितलं, आणि तीही ओरडली. महिन्याअखेर क्वार्टरची चावी परत गेली. ते दोघं गावी आणि मी पुण्याला.

ऑफिसात आता मला आवाज कमी कर असं सांगतात. मी म्हणते, करते, आणि विसरते. दुपारी जेवण झालं की कधी कधी घरून फोन येतो. गच्चीवर जावं लागू नये म्हणून आईनं खटपट करून घरात लँडलाइन घेतलीय. झोप येत नाही असं बाबा चुकूनही म्हणत नाहीत. म्हणतात, "आज काय चालू हाय तुह्याकडं? सांग." कूलर असून नसून सारखाच, गावात दिवसा वीजच नसते. आणि मी सांगते. कुठं अडलंय, का अडलंय, काय करून पाहिलं, काय जमलं नाही. त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि कळावं म्हणून मी सांगतही नाही.

परवा असंच सांगत होते. पलीकडून त्यांचा हुंकार येणं बंद झालं होतं, श्वास जड होत चालला होता. तेवढ्यात मॅनेजर काहीतरी विचारायला माझ्या टेबलाशी आला. मी त्याच्याकडे न बघता तळहात समोर धरला, थांब, आणि मोठ्यानं बोलत राहिले.